शॉट बारवरून जातो? आधी उभ्या पायाकडे बघ

प्रश्न: मी नववीत आहे, धनकवडीला राहते आणि शाळेच्या फुटबॉल संघात फॉरवर्ड खेळते. संध्याकाळी कृत्रिम गवताच्या टर्फवर खेळताना माझे शॉट छान बसतात. पण शाळेच्या मुरमाच्या मैदानावर दहातले सहा-सात शॉट गोलच्या वरच्या आडव्या बारवरून जातात. नाहीतर अंगठा जमिनीवर आपटतो आणि चेंडू गडगडत गोलकीपरच्या हातात जातो. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. सर म्हणतात, ‘मागे झुकू नकोस.’ मी खूप ठरवते, पण मारताना आपोआप झुकतेच. बाबा म्हणतात, पायात ताकद नाही, जिम लाव. आंतरशालेय सामने ऑगस्टमध्ये आहेत, दोन महिने हातात आहेत. काय करू?
एक वाचक, धनकवडी

उत्तर: तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू जाता जाता लिहिली आहेस: काळं पडलेलं नख. बारवरून जाणारा शॉट आणि आपटणारा अंगठा या दोन वेगळ्या चुका नाहीत, एकीतून दुसरी आली आहे. कडक मुरमावर अंगठा दोन-तीनदा जोरात आपटला की शरीर सावध होतं. पुढच्या वेळी तुला न विचारताच ते बोटं वर उचलतं, घोटा सैल सोडतं आणि पाऊल जमिनीला लागू नये म्हणून छाती मागे टाकतं. मग पाऊल उलथन्यासारखं चेंडूखाली सरकतं आणि चेंडू वर उडतो. सरांना दिसतंय ते अगदी बरोबर आहे. पण झुकणं हा परिणाम आहे. अंगठ्याची भीती आहे तोवर नुसतं बजावून ते थांबणार नाही, त्यात तुझा हलगर्जीपणा नाही.

टर्फवर हे कळत नाही, कारण तिथे चेंडू गवताच्या पात्यांवर किंचित उचललेला असतो आणि अंगठा घासला तरी पाती आणि रबराचे दाणे त्याला सांभाळून घेतात. शिवाय गोल जवळ असतो आणि सगळीकडे जाळी असते. जाळीत अडकलेला उंच शॉट मोठ्या मैदानावर कुठे गेला असता, हे तिथे कोणी मोजत नाही.

आता घरी पट्टी घेऊन बस आणि एक माप स्वतः घे. पाच नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास साधारण २२. चेंडूचा मध्य जमिनीपासून ११ सेंटिमीटरवर आला. पावलाच्या वरच्या बाजूला, लेस बांधतो तिथे, अंगठ्याच्या रेषेत बोट मागे नेलंस तर एक टणक उंचवटा लागेल. जोरदार शॉट त्या हाडानं बसतो. अंगठ्याच्या टोकापासून त्या हाडापर्यंत मोज. मध्यम पावलात ते १३-१४ सेंटिमीटरच्या आसपास भरतं, वर बुटाचं टोक वेगळंच. म्हणजे चेंडूच्या बरोबर मागून, सरळ रेषेत धावत आलीस आणि बोटं सरळ खाली रोखून मारलंस, तर ते हाड चेंडूच्या मध्याशी पोचायच्या आत अंगठा जमिनीला लागणार. तिथे जागाच नाही! हे ताकदीनं सुटत नाही.

जागा करायची ती तिरकं येऊन. चेंडूजवळ उभी राहा, सरळ मागे तीन साधी पावलं टाक आणि मग डावीकडे दोन. तिथून चेंडूकडे येण्याचा कोन ३०-३५ अंशांचा होतो. असं आल्यावर अंग आपोआप डावीकडे, उभ्या पायाच्या बाजूला कलतं आणि उजवा पाय तिरका लोंबतो. बोटं खाली आणि किंचित बाहेर अशी होतात, आणि अंगठा जमिनीला न लागता हाड चेंडूच्या मध्याशी येतं. हे कलणं बाजूला असावं, मागे नको. सरांच्या आणि तुझ्या बोलण्यातला गोंधळ बहुतेक इथेच होत असेल, कारण चांगला शॉट मारणारी व्यक्ती अगदी ताठ कधीच नसते.

पण या सगळ्याचा पाया आहे डावा पाय. सगळ्यांचं लक्ष मारणाऱ्या पायाकडे असतं, शॉट मात्र जमिनीवर रोवलेल्या पायानं आधीच ठरवलेला असतो. बूट आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. तेवढ्यात काही सुधारता येत नाही. जे काही हातात आहे ते त्याच्या आधीच्या पावलात.

इथे मुरमाचं मैदान तुझ्या फायद्याचं आहे, कारण टर्फवर ठसा उमटत नाही. काडीनं जमिनीवर एक अधिक चिन्ह ओढ. एक रेघ गोलच्या दिशेनं, दुसरी तिला आडवी, आणि चेंडू बरोबर छेदावर ठेव. डाव्या बाजूला थोडी बारीक माती पसर. पावसाची सर येऊन गेलेली असेल तर तेही नको, ठसा छापल्यासारखा येतो. शॉट मार आणि चेंडूमागे धावू नकोस. तो कुठे गेला ते दुसऱ्या कोणाला बघू दे. तू खाली वाकून ठसा बघ.

ठशात तीन गोष्टी तपासायच्या. पहिली पुढे-मागेची. आडवी रेघ ठशाच्या मधून, म्हणजे पावलाच्या कमानीतून जायला हवी. तुझा ठसा तिच्या चार बोटं तरी मागे असेल अशी आमची खात्री आहे. पाय मागे रोवला गेला की मारणारं पाऊल आपल्या झोक्यातला सगळ्यात खालचा बिंदू ओलांडून, वर चढताना चेंडूला भेटतं. चेंडू वर जाणारच. उलट ठसा फार पुढे असेल तर पाऊल खाली उतरतानाच चेंडूवर येतं, चेंडू दबतो आणि शॉट मरतो. दुसरी बाजूच्या अंतराची: चेंडूच्या कडेपासून बुटाच्या आतल्या कडेपर्यंत तुझी एक वीत. त्याहून जवळ असेल तर कंबरेला वळायला जागा राहत नाही आणि फटका उजवीकडे निसटतो. फार लांब असेल तर पाय ताणून मारावं लागतं आणि चेंडू बोटांच्या टोकावर येतो. तिसरी दिशेची. बुटाचं टोक जिकडे मारायचं तिकडे हवं. तुझे शॉट सारखे डावीकडे ओढले जात असतील तर ठशाचं टोक डावीकडे वळलेलं सापडेल, कारण कंबर पायाच्या मागोमाग जाते.

आता तो पाय मागे का पडतो, ते बूट उलटे करून बघ. मुरमावर खालचा थर कडक आणि वर सुटी खडी असते. लांब स्टड, म्हणजे तळाची टोकं, त्यात रुतत नाहीत, दोन-चार टोकांवर उभं राहिल्यासारखं होतं आणि पाय सरकतो. सरकायच्या भीतीनं शेवटचं पाऊल आखूड पडतं आणि आखूड पडलं की ते चेंडूच्या मागेच राहतं. कडक मैदानासाठी तळाला बारीक बारीक रबरी ठिपके असलेले टर्फ शूज घ्यावेत. ऑगस्टमध्ये चिखल झाला तर मात्र स्टड लागतील. दोन्ही घेणं शक्य नसेल तर आखूड, गोल, साच्यातलेच स्टड असलेले बूट बऱ्यापैकी दोन्हीकडे चालतात. ‘वाढत्या पायाचे’ म्हणून एक नंबर मोठे घेतलेले बूट शॉटसाठी वाईट, कारण पाय आत पुढे सरकतो आणि नखाला मार बसतो. बोटांपुढे जागा हवी ती करंगळीच्या जाडीएवढी, त्याहून जास्त नाही. लेस घट्ट बांध आणि गाठ जरा बाहेरच्या बाजूला घे, म्हणजे ती हाड आणि चेंडूच्या मध्ये येणार नाही.

शेवटचं पाऊल बाकीच्यांपेक्षा लांब हवं, जवळजवळ झेपेसारखं. उभ्या पायाचा गुडघा थोडा वाकलेला, डावा हात बाजूला पसरलेला. लांब पाऊल टाकलं की उजवी कंबर आपोआप मागे राहते, आणि ताकद तिथून निघते. आधी कंबर वळते, मग मांडी पुढे येते, तोवर गुडघा दुमडलेला आणि टाच मागे वर असते. मांडी चेंडूच्या वर येऊन थबकल्यासारखी होते आणि मग नडगी आसुडाच्या टोकासारखी सुटते. पाय काठीसारखा ताठ ठेवून कितीही जोर लाव, हा वेग येत नाही. मारल्यावर पाय लगेच आवरू नकोस, शरीर चेंडूमागे जाऊ दे आणि उजव्याच पायावर पुढे उतर. थांबायचं आधीच ठरवलं असेल तर पाय चेंडूला लागायच्या आधीच मंदावतो.

घोट्याबद्दल. वज्रासनात बसल्यावर पावलाची वरची बाजू जमिनीला टेकते आणि घोटा पूर्ण ताणलेला असतो. शॉटच्या वेळी घोटा नेमका तसाच हवा आणि कुलूप लावल्यासारखा घट्ट. बुटाच्या आत बोटं खाली आवळलीस की घोटा आपोआप घट्ट होतो. रोज दोन-तीन मिनिटं वज्रासनात बसून तो आकार ओळखीचा करून घे. गुडघा दुखत असेल तर मात्र बसू नकोस.

तो आकार चेंडूवर तपासायची सोपी पद्धत आहे. चेंडू दोन्ही हातांत छातीपुढे धर, हवेचं भोक तुझ्याकडे. खाली सोड आणि जमिनीला टेकायच्या आत लेसच्या जागेनं, हलकेच, पुन्हा हातात येईल असा उडव. चेंडू न फिरता वर आला तर घोटा बरोबर. तुझ्याकडे गिरकी घेत आला तर बोटं वर उचलली गेली आहेत. भोक दिसत असतं, त्यामुळे फसवणूक होत नाही. जमीन मध्ये नसल्यानं अंगठ्यालाही भीती नाही, म्हणून तुझी सुरुवात इथूनच व्हावी. लागोपाठ वीस वेळा न फिरवता जमेपर्यंत जमिनीवरच्या चेंडूला जोरानं मारू नकोस.

त्यानंतर फक्की. मैदान आखायची पांढरी फक्की शाळेत असतेच. कोरड्या दिवशी लेसच्या जागेवर ती जरा चोळ आणि स्वच्छ पुसलेल्या चेंडूला मार. चेंडू परत आणून डाग कुठे पडलाय ते बघ, फक्त ठेवताना चेंडूवरची एखादी खूण गोलकडे करून ठेव, म्हणजे वरखाली कळेल. डाग मध्यावर असेल तर शॉट खालून, सरळ जातो. मध्याच्या दोन बोटं खाली असेल तर उचलला जातो. उजवीकडे असेल तर चेंडू डावीकडे वळतो. डाग पसरट आणि मोठा हवा. रुपयाएवढा ठिपका आला तर ते बोटाचं टोक आहे. फक्की चुन्यासारखी असते, डोळ्यात जाऊ देऊ नकोस आणि नंतर हात धू.

चेंडूची हवाही बघून घे. नियमात ०.६ ते १.१ वातावरण दाब चालतो, म्हणजे पंपाच्या काट्यावर साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय. पंक्चरच्या दुकानातून भरून आणलेला चेंडू बऱ्याचदा दगड झालेला असतो. तो कडक मुरमावर उसळतोही जास्त आणि पायालाही लागतो. सरावाला ९-१० पुरे. सुई आधी ओली करून घाल, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो.

ताकदीबद्दल बाबांशी बोलताना एक सामना दाखव. ३० जानेवारी २०२२, महिलांच्या आशियाई चषकाचा उपांत्यपूर्व सामना, आपल्याच पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात. दक्षिण कोरियाच्या जी सो-युननं ८७व्या मिनिटाला पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून शॉट मारला आणि ऑस्ट्रेलिया १-० नं हरली. ती अंगानं अजिबात धिप्पाड नाही. गोलची चित्रफीत हळू करून बघा आणि चेंडूकडे न बघता तिचा उभा पाय कुठे पडतो ते बघा. बाबांचं पूर्ण चूक आहे असं नाही. उभा पाय डगमगता कामा नये, त्यासाठी बळ लागतंच. पण ते घरीच येतं: एका पायावर तीस सेकंद उभं राहणं, एका पायावर सावकाश अर्धं बसून उठणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्रत्येकी दहा-बारा वेळा, आठवड्यातून तीनदा. घोट्याला वाळूच्या पिशव्या बांधून शॉट मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. त्यानं झोक्याची लय बिघडते आणि गुडघ्याला ओढ बसते.

वेळापत्रक असं ठेव. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. आधी दहा-पंधरा मिनिटं हलकं धावणं आणि पायाचे झोके. थंड पायानं पहिलाच शॉट जोरात मारला की मांडीच्या पुढचा स्नायू धरतो. पहिले दोन आठवडे हातातून सोडलेला चेंडू, मग ठेवलेल्या चेंडूला फक्त एक पाऊल टाकून, आठ-नऊ मीटरवरून, निम्म्या जोरानं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्ण धाव, ठसा आणि फक्की. जोराचे शॉट एका दिवशी चाळीसच्या वर नकोत. थकलीस की पहिला उभा पाय ढिला पडतो, आणि मग चुकीच्याच सवयीची घोकंपट्टी होते. सोसायटीच्या भिंतीवर मारायचं असेल तर दुपारची झोपेची वेळ सोड, नाहीतर सराव आठवड्यात बंद पडेल.

पाचव्या आठवड्यापासून चेंडू चालता हवा, कारण सामन्यात ठेवलेला चेंडू क्वचितच मिळतो. इथे बऱ्याच मुलांचं गणित चुकतं. चेंडू तुझ्यापासून पुढे जात असेल, तर पाय त्याच्या बाजूला रोवून झोका पूर्ण होईपर्यंत तो निसटलेला असतो. म्हणून उभा पाय चेंडूच्या थोडा पुढे, तो जिथे पोचणार तिथे टाकावा. समोरून येत असेल तर उलट, पाय आधीच रोवून चेंडूला बाजूला येऊ द्यावं, आणि जोर कमी लावावा, कारण वेग त्यानं आणलेलाच असतो. बाजूनं येणाऱ्या पाससाठी मैत्रिणीला दहा-बारा मीटरवर उभी कर आणि ती चेंडू देते तेव्हाच गोलकीपरकडे एकदा बघून घे. शेवटच्या दोन पावलांत नजर चेंडूवरच. मान वर केली की खांदे वर येतात आणि पुन्हा तोच बारवरचा शॉट.

मारायचं कुठे? खाली आणि लांबच्या पोस्टकडे, म्हणजे गोलच्या तुझ्यापासून दूरच्या खांबाकडे. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच आहे. उंच कोपरा दिसायला देखणा असतो, पण शालेय गोलकीपरला खाली झेपावणं जास्त जड जातं, आणि उंचसखल मुरमावर त्याच्या पुढ्यात टप्पा पडला तर चेंडू कुठे वळेल ते त्यालाही सांगता येत नाही. लांबच्या पोस्टकडे मारलेला चेंडू त्यानं अडवला तरी तो बहुतेक समोरच सुटतो आणि तुझ्या जोडीदाराला रिबाउंड मिळतो. सरावात दोन्ही पोस्टच्या आत एकेक मीटरवर पाण्याची बाटली ठेव आणि बाटली व पोस्ट यांच्या मधून मार. जवळून, दहा मीटरच्या आत असशील तर लेसचा शॉट लागतच नाही, पावलाच्या आतल्या बाजूनं नेमका सरकव. चेंडू वळवणं आणि हवेतल्या व्हॉली ऑगस्टनंतर बघू.

पावसात दोन फरक पडतील. ओल्या मुरमावर चेंडू टप्पा घेऊन घसरत वेगानं जातो, तेव्हा खालचा शॉट आणखी घातक. डबक्यात चेंडू थबकतो, म्हणून सामन्याआधी गोलसमोरची डबकी बघून ठेव.

आता नख. ठणका फार असेल, बोट सुजलं असेल किंवा त्यावर भार देताच येत नसेल तर डॉक्टरांना दाखव, एक्स-रेची गरज आहे का ते ते ठरवतील. घरी सुईनं टोचून रक्त काढायचा उपाय करू नका. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखायला लागलं किंवा तिथे टेंगूळ आलं तरी शॉट थांबव आणि दाखव. वाढत्या वयात तिथे ताण बसतो आणि मारत राहिल्यानं तो वाढतो.

आणि उजवा अंगठा बरा होईपर्यंत मैदानावर जाणं सोडू नकोस. ते पहिले दोन आठवडे डाव्या पायाला दे. हातातून सोडलेला चेंडू, मग एक पाऊल, मग उजवीकडून तिरकी धाव, उजव्या पायाचा ठसा. डाव्या अंगठ्याला अजून काही लागलेलं नाही, त्यामुळे तो पाय मागे हटायला शिकलेला नाही. डाव्यानं ठसा रेघेवर पडायला लागला की तोच ठसा समोर ठेवून उजव्याकडे ये.